छूटा पडले त्या जागी

सुरतेहून पलसाण्याकडे जाणाऱ्या हायवेला, सर्व्हिस रोडच्या कडेला, कमरेइतका उंच एक दगड आहे. लढाई संपल्यावर सैनिक इथून ‘छूटा पडले’, असं त्यावर गुजरातीत कोरलंय. कुठली लढाई, ती अक्षरं कधीच झिजून गेलीत. शेजारच्या चहाच्या टपरीवरची गिऱ्हाइकं त्याला खुशाल टेकून बिड्या ओढतात.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, तिथल्याच एका डाइंग मिलमध्ये होते. मिल बंद पडली त्या दिवशी शेटनं गेटवर सांगून टाकलं, ‘तमे बधा छूटा.’ आबा घरी आले ते मलाच विचारायला लागले, त्या सैनिकांनाही असंच कामावरून काढलं होतं का गं? मी म्हटलं, "आबा, छूटा केले म्हणजे काढले. छूटा पडले म्हणजे एकमेकांचा निरोप घेऊन आपापल्या घरी गेले."

आबा घरात अहिराणीच बोलतात. "घर जावाले दगड कसाले लागस?" आबा म्हणाले.

पण त्या दिवशी त्यांच्या खात्यातले खानदेशी लोकही त्याच दगडापाशी चहा पिऊन पांगले होते. कोणी इच्छापोरला वॉचमन झाला, कोणी चलथाणच्या साखर कारखान्यावर गेला, कोणी सरळ गाव गाठलं. दर आखाजीला इथंच भेटायचं, असं ठरलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खानदेशी माणसांना दिवाळीहून मोठी. सुरुवातीला सगळे आले. मग कोणाचे गुडघे, कोणाची सून, कोणाची रजा. शेवटी उरले आबा आणि त्यांचा जोडीदार. एकाच मशीनवर आबा पुढून कापड घालायचे, तो मागून काढायचा. आबांना सख्खा भाऊ नाही, होता तो हाच; मीही त्यांना काकाच म्हणायचे. मशीनच्या आवाजानं दोघांचेही कान गेलेले, त्यामुळे भेटले की ओरडून बोलायचे आणि दोन्ही घरच्या भानगडी अख्ख्या टपरीला कळायच्या.

यंदा आखाजीच्या आदल्या संध्याकाळी आबांनी त्याला फोन लावला. उचलला त्याच्या मुलानं. पोरं आता सगळी गुजरातीच बोलतात. फोन स्पीकरवर होता, मला स्वच्छ ऐकू आलं, ‘पप्पा तो ऑफ थई गया, काका. महिनो थयो.’

"ऑफ शे ना? मंग सकाय भेटूत!" असं म्हणून आबांनी फोन ठेवूनही दिला.

सुरतेत माणूस वारला की ‘ऑफ थई गया’ म्हणतात. मिलवाल्यांचा ऑफ म्हणजे आठवड्याची सुट्टी. त्या मुलाचा असा संताप आला! मेल्या, महिनाभरात एक फोन करता आला नाही तुला? आबा मात्र खुशीत आईला सांगत होते की उद्या पुरण जास्त घाल, त्याला सुट्टी आहे. त्यांची ती खुशी मोडवेना, मी पोळ्या लाटत राहिले.

सकाळी ते कडक इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मी हट्टानं बरोबर गेले. आबा दगडाच्या पायथ्याशी असलेल्या ओट्यावर पुरणपोळीचा डबा मांडीवर घेऊन बसले, आणि बस थांबली की अर्धवट उठायचे. ऊन चढलं. "त्याले पह्यलेपासून उशिरानी सवय शे," असं मलाच समजावत होते. मला ते बघवेना.

जवळ सरकून म्हटलं, "आबा, काका नाही येणार. काका गेले."

"आं?" त्यांनी कान पुढे केला.

ट्रक धडधडत चालले होते. मी ओरडले, "काका वारले, आबा! महिना झाला!"

टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. मला रडूच फुटलं. जवळच्या माणसाचं मरण असं भर रस्त्यात ओरडून सांगायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

आबा कितीतरी वेळ डब्याचं झाकण नुसतं दाबत राहिले.

"इतलं जोरमा नको बोलू," मग म्हणाले. "मले तुनं पह्यलं बोलनंच ऐकू उनं व्हतं. वाटनं, दुसरांदा तू काही येगळं सांगशी."