उलटी धरलेली शाळा

नव्या मध्य प्रदेशाची राजधानी आपल्याऐवजी भोपाळला गेल्याचा राग जबलपुरात अजून ताजा होता, आणि दीक्षितपुऱ्यातल्या सासरी मी नवी होते. आमचे हे एका स्कॉटिश आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते. साहेब पेन्सिलीने स्वप्न काढायचा, हे ते शाईने ट्रेसिंगच्या आरपार दिसणाऱ्या कागदावर उतरवायचे.

साहेब पस्तिशीचा, उंच, इतका गोरा की उन्हात उभा राहिला तर त्याच्यातून पलीकडचं दिसेल असं मला वाटे. महायुद्धानंतर त्याने आपल्या गावी दहा वर्षं एकसारखी घरं काढली. इतकी एकसारखी, की एकदा तो स्वतःच भलत्या घरात शिरून टोपी काढून बसला. हे मी थोडं वाढवून सांगते आहे, पण थोडंच. आता इथे मुलींची शाळा बांधायची होती. शाळेच्या मंडळाने नकाशा पसंत केला, तर ती त्याची पहिली स्वतःची इमारत. नाही केला, तर परतीचं जहाज आणि पुन्हा तीच घरं.

तो जुलैत आलेला, म्हणजे इथला उन्हाळा त्याने पाहिलाच नव्हता. संध्याकाळी ग्वारीघाटावर बसायचा आणि नर्मदेवर सांडलेलं पिवळं ऊन बघत राहायचा. त्याच्या देशात ऊन पाहुण्यासारखं येतं, लोक कामं टाकून त्याच्यापाशी जाऊन बसतात. म्हणून वर्गांच्या सगळ्या मोठ्या खिडक्या त्याने पश्चिमेला काढल्या आणि व्हरांडा पूर्वेला. ह्यांना चूक दिसत होती. पण हे म्हणायचे, "आपलं काम रेघ ओढायचं."

मंडळाची बैठक दसऱ्याला सकाळी दहाला होती. आणि आदल्या दिवशी होती खंडेनवमी. त्या दिवशी ज्याची त्याची हत्यारं पूजेला बसतात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. ह्यांनी ऑफिसातलं सगळं घरी आणलेलं: टी-स्क्वेअर, कंपासपेटी, शाईचे पेन. सासूबाईंनी ते पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू. ट्रेसिंगवरच्या रेघा झाल्या होत्या, अक्षरं तेवढी राहिली होती.

दुपारी तीनला साहेब ट्रेसिंगची गुंडाळी घेऊन दारात हजर.

"माँजी, सिर्फ एक पेन," तो म्हणाला.

"भैया, आज पेन बी देव है," सासूबाई म्हणाल्या आणि मराठीत ह्यांच्याकडे वळल्या. "काहून इतकी घाई करून राहिला रे हा? म्हणावं, सकाळी उत्तरपूजा झाली की देते."

साहेबाला वाटलं, म्हातारी विरघळेल. तो थांबला. कुठे बसवू, असं ह्यांनी डोळ्यांनी विचारलं, आणि मी अगदी भोळ्या चेहऱ्याने खुर्ची पश्चिमेच्या ओट्यावर ठेवली.

ऑक्टोबरचं ते ऊन. आधी त्याचे बूट तापले, मग गुडघे. मी चहा दिला, गरम. कान लाल झाले, मग नाक. तो खुर्ची सरकवायचा, ऊन मागोमाग सरकायचं. हे मला आतून खुणा करून राहिले होते की पुरे कर. मी आणखी चहा विचारला.

शेवटी त्याने ट्रेसिंग उलगडलं आणि रेघांची बाजू उन्हाकडे करून, डोळे मिटून तोंडासमोर धरलं, सावलीसाठी. त्यातून ऊन पाझरलं आणि सगळी शाळा मधाच्या रंगाची झाली. मी त्याच्या मागे दारात, म्हणजे कागदाच्या पालथ्या बाजूला उभी. तिथून शाळा उलटी दिसत होती. व्हरांडा पश्चिमेला, खिडक्या पूर्वेला. सकाळी अकराला शाळा भरणार, तोवर पूर्वेचं ऊन वर सरकलेलं. दुपारचं सगळं ऊन व्हरांडा झेलणार.

"साहेबांना म्हणा," मी ह्यांना म्हटलं, "इकडून बघितली तर शाळा जास्त बरी दिसते."

हे आत वळायला लागले. रेघ ओढणारा माणूस. मग सासूबाईच कडाडल्या, "सांग ना त्याले. पोरी भाजतील त्याच्या."

ह्यांनी सांगितलं. साहेब उठला, दारातून आत आला, माझ्या शेजारी उभा राहिला. ट्रेसिंग आता ह्यांच्या हातात, उन्हासमोर. उलट्या व्हरांड्यावरून त्याने बोट फिरवलं. मग आपल्या लाल कानाला हात लावून हसला.

पहाटे साहेब पुन्हा आला; सासूबाईंनी उत्तरपूजा केली आणि पेन स्वतः त्याच्या हातात दिला. ट्रेसिंग पालथं घातलं, त्या बाजूने अक्षरं लिहिली, दहाच्या आत काम झालं. एका कोपऱ्यात सासूबाईंच्या बोटाचं कुंकू लागलं होतं. मंडळात कोणीतरी विचारलं, हे काय? "माँजी का साइन," साहेब म्हणाला. नकाशा पसंत झाला.

पुढे त्याने इथे बऱ्याच इमारती बांधल्या, म्हातारा होऊन परत गेला. तिकडे स्वतःसाठी एकच घर बांधलं. त्या घराचा फोटो आला होता, पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. फोटोमागे ह्यांच्यासाठी एक ओळ होती: इथे सुलटं ठेवलं आहे. आणि कोपऱ्यात लाल शाईचा एक ठिपका.