डायनाचे कान

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेतल्या डोंगरात होती. उंचावर एक पोस्ट, खाली एकच रस्ता आणि त्या रस्त्यानं आठवड्यातून दोनदा जाणारा कॉन्व्हॉय, म्हणजे फौजी गाड्यांचा ताफा. मी डॉग हँडलर. हुद्दा नायक. रिटायर होऊन वळसंगला आलो तर गावानं मला मेजर करून टाकलं, कारण आमच्याकडं मिल्ट्रीतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. आता दमलो. म्हणा मेजर.

हे लिहायला कारण झाला शेजारचा इरप्पा. परवा सकाळी तो आपलं म्हातारं कुत्रं दोरीनं ओढत माझ्या दारात घेऊन आला.

"मेजर, तुमी कुत्र्यांचे मास्तर. ह्येला जरा शिस्त लावा की. लई माजलंय. भाकरीचं टोपलं उघडलं की पळत येतंय आन हाक मारली की बहिरं. सोंग हाय नुसतं."

"वय किती?"

"अकरा-बारा असंल."

"मारलास काय?"

"दोन दिल्या काठीनं. मग काय पूजा करू?"

मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायको आतून आली आणि कन्नडमध्ये मला गप्प बसवून गेली. इरप्पा बिचारा बघतच राहिला. माझा राग त्याच्यावर नव्हताच. तो जे करत होता तेच मीही केलं होतं, आणि त्याचं दुसऱ्यानं भोगलं.

डायना लॅब्राडोर होती. फिकट पिवळी, छातीवर पांढरा ठिपका. बारूद हुंगून काढायचं तिचं काम. पाच वर्षं माझ्याकडं होती आणि त्या वेळी तिचं वय साडेआठ. दिवस सकाळी साडेचारला सुरू व्हायचा. आधी तिला पाणी, तिचे पंजे तपासणं, अंगावरून ब्रश. मग माझा चहा. साडेपाचला रोड ओपनिंग पार्टी गेटवर. म्हणजे कॉन्व्हॉय यायच्या आधी रस्ता पायी तपासायचा. डायना सगळ्यात पुढं, मोकळी, पंधरा-वीस पावलांवर. तिच्या मागं मी. माझ्या मागं माझा कव्हर, म्हणजे रायफल घेऊन माझ्यावर नजर ठेवणारा जवान. माझी नजर कुत्र्यावर असते, म्हणून माझ्यावर दुसऱ्याची लागते. तो होता लान्स नायक सतबीर. हरियाणाचा. डायनाला तो 'मौसी' म्हणायचा.

एक लांब शिट्टी म्हणजे थांब. दोन छोट्या म्हणजे परत ये. चार वर्षं डायनानं कधी दुसरी शिट्टी वाजवू दिली नाही.

पाचव्या वर्षी उन्हाळ्यात ती ऐकेनाशी झाली. शिट्टी वाजवली तर कान हलायचे नाहीत. खाली मान घालून पुढं पुढं चालत राहायची. पण संध्याकाळी सहाला लंगरचा जाडजूड कुक लाकडी फळ्यांवरून धपधप करत तिचं जेवण घेऊन निघाला की ही दारात उभी. मी म्हटलं, वा रे वा! जेवणाचं ऐकू येतं आणि हुकूम ऐकू येत नाही. म्हातारपणी माजली. फौजेत हुकूम न ऐकणं म्हणजे काय ते मी तिला शिकवायचं ठरवलं. तिचा रबरी चेंडू बंद केला. काम झालं की त्या चेंडूशी दहा मिनिटं खेळायचं, एवढाच तिचा पगार. तो मी दीड महिना दिला नाही. ती माझ्या खिशाकडं बघत बसायची आणि मी तोंड फिरवायचो. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

आणखी एक केलं. सतबीरला सांगून ठेवलं, "शिट्टी नहीं सुनी तो सीधा जाके कॉलर पकड़." त्याला तर ते आवडलंच. शिट्टी वाजली, डायना थांबली नाही की हा पठ्ठ्या रस्त्याच्या कडेनं धावत पुढं जायचा आणि तिला कॉलरला धरून परत आणायचा. "मौसी, चलो, साहब नाराज हैं." सगळी पार्टी हसायची. मीही हसायचो. असं सात-आठ वेळा झालं. मग सतबीर महिनाभर सुट्टीवर गेला.

त्याच्या सुट्टीचे दहा-अकरा दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी दोनला मी केनेलमध्ये गेलो. डायना भिंतीकडं तोंड करून झोपली होती. लोखंडी दार आपटलं. ती हलली नाही. मी पाठीवर हात ठेवला तर ताडकन उठली आणि माझं मनगट दातात धरलं. मग मला ओळखलं आणि मनगट चाटायला लागली. असं पाच वर्षांत कधी झालं नव्हतं. मी तिच्या मागं उभा राहिलो आणि शिट्टी वाजवली. काही नाही. दुसऱ्यांदा वाजवली. तिसऱ्यांदा. मग जेवणाचं पत्र्याचं मेसटिन सिमेंटवर टाकलं. तिनं मान वळवली, पण भलत्याच बाजूला. मी तिथंच खाली बसलो. अरे देवा, म्हटलं, ही सोंग करत नव्हती.

त्याच संध्याकाळी मी हवालदार साहेबांना सांगितलं.

"दुसरा कुत्ता आने में पंद्रह दिन. कॉन्व्हॉय परसों है."

"जी साहब."

"हाथ से चलेगी?"

"चलेगी."

"तो चला. बात यहीं रहे."

आमची कुत्री आवाजावर आणि हाताच्या इशाऱ्यावर, दोन्हीवर शिकलेली असतात. मी डायनाला सवय लावली, दर पंधरा पावलांनी मागं वळून माझ्याकडं बघायची. दोन दिवसांत शिकली. नाक तिचं शाबूत होतं. तीन कॉन्व्हॉय नीट पार पडले. कुणाला काही कळलं नाही. चेंडूही परत दिला. मी हवालदार साहेबांचं नाव पुढं करणार नाही. मला ती सोडायची नव्हती, खरं कारण हेच. अनफिट लिहिलं असतं तर पुढच्या गाडीनं तिला खाली नेलं असतं आणि माझी रिटायरमेंट आठ महिन्यांवर होती.

पंधरा दिवस संपायला चार दिवस बाकी असताना सतबीर परत आला. दुपारी चारच्या गाडीनं. आईनं केलेले डिंकाचे लाडू सगळ्यांना वाटले. मग माझ्याकडं आला.

"मौसी कैसी है?"

"वैसी ही है," मी म्हटलं.

सतबीरच्या पोटात काही राहायचं नाही. त्याला सांगितलं तर रात्रीपर्यंत अख्ख्या पोस्टला कळेल, असा मी विचार केला. तो केनेलमध्ये जाऊन डायनाशी अर्धा तास खेळला. त्यालाही कळलं नाही, कारण तो तिच्या समोर बसला होता.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला गेटवरून निघालो. थंडी होती. वारा पाठीमागून होता, आणि हुंगणाऱ्या कुत्र्याला तो वाईट. सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीपाशी पोचलो. डायना रस्त्याच्या उजव्या अंगानं मोरी ओलांडत होती. डाव्या कडेला मला माती ताजी दिसली. दोन हात जागा, बाकीच्या मातीपेक्षा काळपट.

तिला थांबवायचं होतं. ती मागं वळून बघेपर्यंत सात-आठ पावलं थांबायचं, मग हात वर करायचा, एवढंच काम. पण एकवीस वर्षांची सवय. हात छातीवर लटकणाऱ्या शिट्टीकडं गेला आणि मी ती वाजवली. एक लांब.

डायना चालत राहिली.

सतबीर धावला. नेहमीसारखा, कडेनं, डाव्या कडेनं. मी ओरडलो तोवर उशीर झाला होता.

मला आवाज आठवत नाही. तोंडात माती आठवते. मागून रेडिओवर आमचा ऑपरेटर बोलत होता ते आठवतं.

"ब्लास्ट. मोरी नंबर तीन. एक कॅज्युअल्टी."

"हालत बताओ."

"..."

"हालत बताओ, ओव्हर."

"नहीं रहा."

डायना चार हात लांब फेकली गेली होती. कमरेला खरचटलं, बाकी काही नाही. ती उठून सतबीरजवळ गेली आणि तिथं बसली. शिकवल्याप्रमाणे. बारूद सापडलं की कुत्रं त्याच्याजवळ बसतं, हलत नाही. मला तिला उचलून आणावं लागलं.

तीन दिवसांनी खालच्या हॉस्पिटलात जनावरांच्या डॉक्टर कॅप्टन मॅडमनी तिला तपासलं. मागं उभं राहून टाळी, शिट्टी, चाव्यांचा जुडगा.

"इसको सुनाई नहीं देता. कब से?"

मी सावधानमध्ये उभा होतो. म्हटलं, "ब्लास्ट के बाद से, मॅडम."

त्यांनी लिहून घेतलं. मग मला नीट समजावून सांगितलं, कारण त्यांना वाटलं की मला माहीत नाही. वय झालं की कुत्र्याचे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. शिट्टी जाते, बारीक हाक जाते. जड आवाज उरतो, जमिनीतून पायाला लागणारी धपधप कळते, वास तर कळतोच. म्हणून माणसाला वाटतं, कुत्रं आपल्या सोयीनं ऐकतंय. काही कुत्री खरंच हट्टी असतात, त्या म्हणाल्या, पण आधी कान तपासायचे, शिक्षा नंतर. परवा संध्याकाळी मी इरप्पाकडं गेलो आणि हे सगळं त्याला सांगितलं. झोपल्यावर मागनं हात लावू नको, पुढनं जा, पाय आपट, हातानं बोलव. तो म्हणाला, "व्हय की, ह्ये आधी कुणी सांगितलंच न्हाय."

त्या एका खोट्या वाक्यानं डायना स्फोटात जखमी झालेली कुत्री ठरली. अर्ज केला, मला मिळाली. गावात शाळेनं तिला हार घातला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, तिला ऐकू आल्या नाहीत. ती आमच्या ओसरीवर तीन वर्षं जगली. बायको तिला हातानं बोलवायची आणि भाकरी चुरून द्यायची. चौकशीत मी खोटं बोललो नाही म्हणे. शिट्टी दिली, कुत्री थांबली नाही, जवान धावला. सगळं खरं. मला मात्र झोप लागायची नाही. बायकोला वाटायचं, बॉम्बमुळे. मी तसंच वाटू दिलं.

डायना गेली तेव्हा तिला शेताच्या बांधाला पुरलं आणि दुसऱ्या आठवड्यात सोलापूरहून गाडी धरली. सतबीरच्या गावी जायला दोन दिवस लागले. त्याचे वडील, बाबूजी, अंगणात खाटेवर बसले होते. मुलाच्या फोटोंवरून मला ओळखलं. पाणी दिलं, आधी कुत्रीचीच चौकशी केली. म्हणाले, मुलगा गेला पण त्याची मौसी वाचली, आमच्या घरात सगळे हेच म्हणतात.

मी सगळं सांगितलं. केनेल, पंधरा दिवस, डिंकाचे लाडू, डॉक्टर मॅडम. शेवटी त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"उसको पता होता तो दौड़ता?"

वाटेत मी दोन दिवस या प्रश्नाचं उत्तर तयार करत होतो. सतबीर शूर होता, तरीही धावला असता, असं म्हणायचं ठरवलं होतं.

"नहीं दौड़ता, बाबूजी."

"कॉलर पकड़ने को किसने बोला था?"

"मैंने."

ते उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. मी अंगणात बसलो. तेव्हा दुपारचे एक वाजले होते. साडेचारपर्यंत बसलो. कुणी बाहेर आलं नाही, आणि यावं असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? साडेचारला उठलो. बंद दारासमोर सावधान झालो, सॅल्यूट केला आणि स्टेशनचा रस्ता धरला.

लान्स नायक सतबीर. वय सत्तावीस. मी सांगितलेलं काम करायला धावला.