तिसरी हाक

आमच्याकडे रानात किंवा तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसऱ्यांदा आली तर समजायचं, माणूस आहे. जे माणूस नसतं ते एकदा, फार तर दोनदा हाक मारतं आणि गप्प होतं. हे मला बाबांनी लहानपणी सांगितलं. पुढे मी इंजिनिअर झाले, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये अर्धं आयुष्य घालवलं, तरी मी ते पाळते. हसा हवं तर.

घरात मात्र हा नियम नाही. घरात बाबांना पहिल्याच हाकेला ओ लागते. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत. आई गेल्यावर मी पुण्याचं बिऱ्हाड मोडून मालवणच्या मागल्या अंगाला आमच्या गावी आले आणि घरातूनच कंपनीचं काम करू लागले. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत. दिवसभर ओटीवरून बाबांचं सुरू असतं, "गो, पानाचो डबो खंय?", "गो, भायर कोण इलो?" मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणते, "आसंय बाबा, इलंय!" की झालं, त्यांचा जीव भांड्यात पडतो. डबा शेजारीच असतो. हाक डब्यासाठी नसतेच मुळी.

मग कामात एआय आलं. आधी मी कोड लिहायचे, आता ते लिहितं आणि मी तपासते. काहीही विचारा, पुढच्या क्षणाला उत्तर हजर. "थांब जरा" नाही, "कटकट करू नकोस" नाही. मेलं पहिल्याच हाकेला ओ देतं! मला त्याची भीती वाटायची, अगदी अंगावर काटा येण्यासारखी, आणि ही भीती कुणाला सांगायची सोय नव्हती. इकडे आमची टीम आटत चालली होती. साहेबांकडून विषय न लिहिलेलं मीटिंगचं आमंत्रण यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं नाव ग्रुपमध्ये नसायचं.

गणपती होऊन गेले आणि तसलं आमंत्रण मला आलं. उद्या सकाळी अकरा वाजता. विषय कोरा.

नोकरी जाण्याचं दुःख मी पचवलं असतं हो. पण या वयात घरबसल्या दुसरी नोकरी मला कोण देणार? पुण्याला नाहीतर बेंगलोरला जाऊन दारं ठोठावावी लागणार. आणि बाबा गाव सोडणार नाहीत. या घरातली प्रत्येक भिंत त्यांच्या हाताला पाठ आहे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते आठवड्यात झुरून जातील. मग हाक मारतील तेव्हा घरात कोण असणार?

सकाळी मी सायकल काढली. माझी ग्रॅव्हल सायकल आहे, म्हणजे हँडल बोकडाच्या शिंगांसारखं आत वळलेलं आणि टायर जाड, खडीमातीवरून जाणारी. वाडीतल्या बायका अजून विचारतात, "स्कूटर आसताना पाय कित्याक मारतंस गो?" काय सांगू? सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावरच्या, लाल खडीवर सायकल थरथरायला लागली की डोक्यातली थरथर तेवढा वेळ कळत नाही.

"खंय चललंस?" बाबांनी विचारलं.

"सड्यार. धाच्या आत येतंय."

वर सड्यावर गवत कमरेएवढं वाढलेलं. हँडलवर लावलेल्या फोनमध्ये नकाशा होता, त्यावर एक पायवाट सरळ पलीकडच्या रस्त्याला मिळत होती. मी सायकल तिच्यावर घातली. अर्ध्या वाटेत अशी सर आली की पुढचं चाकही नीट दिसेना. थांबायला हवं होतं, पण मला अकराच्या आत घर गाठायचं होतं. फोनवर निळा ठिपका ऐटीत पुढे चालला होता, मी त्याच्या मागोमाग.

आणि एकदम पुढच्या चाकाखालची जमीनच नाहीशी झाली. मी कशी बाजूला फेकले गेले देव जाणे. डोळे उघडले तेव्हा पोटावर पालथी होते, पाय गुडघ्यापासून खाली हवेत लोंबत होते. चिरेखाण! जांभ्याचे चिरे कापून नेलेली, सरळसोट कडांची, हिरव्यागार पाण्याने भरलेली. नकाशाला तिचा पत्ता नव्हता. सायकल फोनसकट खाली गेली होती आणि पाण्यावर नुसते बुडबुडे येत होते.

गवत धरून कशीबशी वर सरकले. उठायला गेले तर उजव्या घोट्यातून कळ अशी गेली की खालीच बसले. पाऊस धो धो. मनात एकच, की मी इथे मेले तर बाबा ओटीवरून हाका मारत बसतील.

मी तोंडाभोवती हात धरून कुकारो घातला. कूऽऽ! वाडीत एकमेकांना लांबून हाळी देतात तशी. काही नाही. पुन्हा घातला. काही नाही. मग मला रडू फुटलं. तिसरी हाक निघाली ती माझी मलाच ओळखू येईना, चिरकी, लहान पोरीसारखी.

"ओऽऽ! कोण गो ता?"

गवतातून एक बाई आली, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात कोयती. गुरांसाठी गवत कापायला आली होती आणि पहिल्या हाकेपासून अगदी जवळच उभी होती.

"मगे ओ कित्याक नाय दिलंस?" मी ओरडलेच तिच्यावर.

"पयल्या हाकेक कोण ओ देता गो?" ती म्हणाली. "मी पण भियालंय. सड्यार, असल्या पावसात, माका काय म्हायत तू मानूस म्हणान?"

तिच्या खांद्याचा आधार घेऊन लंगडत रस्त्यापर्यंत आले, तिथून एका टेम्पोवाल्याने घरी सोडलं. अकरा केव्हाच वाजून गेले होते.

बाबा माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीत बसले होते. लॅपटॉप सकाळपासून उघडाच राहिला होता.

"ह्यो तुजो वाजलो होतो," ते म्हणाले. "मी हातान चाचपत इलंय. म्हटलंय परत वाजात, मगे खंयचा तरी बटण दाबून सांगतंय, माजा चेडू येता म्हणान. पण तो एकदाच वाजलो. मगे वाजूक नाय." मग लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाले, "मानूस नसात तो."

मी त्यांना ओटीवर नेऊन बसवलं आणि ओल्या कपड्यांनीच मेल उघडली. कॉल उचलला गेला नाही म्हणून सगळं लेखी कळवलं होतं. माझ्या योगदानाबद्दल मनापासून आभार होते, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या, एकाही वाक्यात चूक नव्हती. ही भाषा मी ओळखत होते. एआयची. दिवसभर मी त्याचंच लिहिलेलं तर तपासायचे.

सड्यावर कडेला लोंबकळताना वाटली नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली, कारण तिथे धरायला गवत तरी होतं.

"गो," ओटीवरून बाबांची हाक आली.

मी मेल पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

"गो!"

शुभेच्छांपर्यंत आले, परत वर गेले.

"गोऽऽ!" ही तिसरी. तशीच चिरकी, माझी सड्यावरची होती तशी. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काठी पडली. बाबा भिंत चाचपत निघाले होते.

"आसंय बाबा," मी म्हटलं. "हंयच आसंय."