डब्यात उरलेली अळी

कोंढ्याला आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ दर रविवारी स्टीलचा डबा घेऊन दारात हजर. त्यांच्या शेतात बोडी आहे, म्हणजे लहानसं तळंच. तिच्यात सोडलेलं माशांचं बीज कमी होत चाललंय आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून पाण्यातल्या अळ्या ओळखायच्या मीच.

"पाहा बरं गुरुजी, यातला चोर कोन?"

डब्यात दरवेळी एकच अळी, टम्म फुगलेली.

"बाकीच्या?"

"गंज होत्या जी, डबाभर. कुठं गेल्या मालूम नाही."

किती वेळा सांगायचं या माणसाला! "भाऊ, डोक्यामागचे सहा पाय पाहा. विळ्यासारखा जबडा पाहा. ही पाणभुंगेऱ्याची अळी. बाकीच्या हिनंच खाल्ल्या, मासेही हीच खाते."

"बराबर आहे," म्हणतात आणि तिचा जीव कोंडू नये म्हणून फट ठेवून झाकण लावतात.

गेल्या रविवारी मी चिडूनच विचारलं, "मागची मारली ना?"

"सोडून देल्ली जी."

"कुठे?"

"बोडीत."

"अहो, कायले?"

मीच काहीतरी भलतं विचारल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

"गुरुजी, आपल्याच बोडीतली हाये ना थे."