काकू, तब्येत ठणठणीत ना?

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. आमच्या मराठी मंडळातल्या साठीपुढच्या सभासदांची यादी, पत्ते आणि फोन नंबरांसकट, जावईबापूंच्या हातात मीच ठेवली. मंडळाचा चिटणीस मी, कपाटाची किल्ली माझ्याकडे. त्यामुळे यादी चोरीला गेली म्हणायचीही सोय नाही.

जावईबापू एका खाजगी कंपनीचा आरोग्यविमा विकायचे, तोही फक्त म्हाताऱ्यांना. पण घरात शिरायचे ते दिवाळसणाला आल्यासारखे, म्हणून मी मनातल्या मनात ठेवलेलं हे नाव. चपला जोडून ठेवायच्या, देवघराकडे वळून नमस्कार करायचा, मग वयाच्या क्रमाने सगळ्यांच्या पाया पडायचं, दोन्ही गुडघे टेकून. इतक्या भक्तिभावाने पाया पडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाया पडता पडता पायांना सूज आहे का, हे बघणाराही नाही. सूज दिसली की भीती घालायला सोपं जाई. फॉर्मवर मात्र ती सूज कधी चढली नाही.

त्यांचं खरं भांडवल होतं मराठी. जबलपुरात आमच्या घरांतली नातवंडं मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. मुलं पुण्या-बंगलोरला. अशा घरात कोणी तरुण माणूस येऊन "काकू, आज भाजी काय केली?" असं मराठीत विचारतो, तेव्हा काकू आधी खुर्ची देतात आणि मग नाव विचारतात. सदर बाजारातल्या चहाच्या टपरीवर त्यांनी मला हे शास्त्र समजावलं होतं. "सुधीरभैया, लोक हिशेब हिंदीत करतात आणि विश्वास मराठीत ठेवतात. हिंदीत तीन चकरा, मराठीत एक. बस्स!"

त्यांच्या मोबाईलमध्ये आईचा फोटो होता. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. "हिचा विमा नव्हता हो," एवढंच म्हणून ते थांबत आणि रुमाल काढत. आठवड्यातून निदान पाच वेळा ही माउली जात असे. एकदा काही कामानं त्यांच्या घरी गेलो, तर माउली दारात उभी राहून कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला फैलावर घेत होती. मी जावईबापूंकडे पाहिलं. ते जराही ओशाळले नाहीत. "अहो, फोटो कोणाच्या तरी आईचा असेलच ना!"

दुसरी खुबी म्हणजे शेवटची तारीख. ती रोज असे. कोणी "विचार करून सांगतो" म्हटलं की ते हळहळून म्हणत, "काका, विचार करायला निरोगी माणसालाच वेळ असतो. उद्या कंपनी नाही म्हणाली तर?" मग उठायचंच नाही. गढा भागातले एक काका तर जेवले, वामकुक्षीला गेले, उठून आले, तरी जावईबापू तिथेच पेपर वाचत बसलेले. शेवटी त्यांना घालवण्यासाठी काकांनी ओटीपी सांगितला.

मी त्यांच्याबरोबर का हिंडत होतो? ओळखीचा माणूस सोबत असला की दार लवकर उघडतं, म्हणून. आणि माझ्या मुलीला त्यांच्या ऑफिसात नोकरी लागली होती, म्हणून. दुसरं कारण मी पहिलं सांगायला हवं होतं.

फॉर्म इंग्रजीत, टॅबवर, बारीक अक्षरांत. त्यात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे दहा-बारा प्रश्न. जावईबापू त्या सगळ्यांचं मिळून एकच मराठी भाषांतर करत: "काकू, तब्येत ठणठणीत ना?" आता घरी आलेल्या माणसापुढे आपली दुखणी कोण मोजतं? काकू म्हणणार, "देवाच्या दयेनं बरं चाललंय." की खाली भराभर 'नाही', 'नाही', 'नाही'.

दातेकाकूंकडे हेच झालं. गढ्यात एकट्या राहतात. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मीही त्यांचाच विद्यार्थी. त्या दिवशी त्यांनी तीन कप आणले. दोन आमचे, एक वेगळा. "हा माझा. बिनसाखरेचा," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं झाली, शुगर आहे ना मला." जावईबापूंनी मान हलवली, घोट घेतला आणि मधुमेहापुढे 'नाही' केलं. मी बाजूलाच बसलो होतो. बोट कुठे टेकलं ते मला दिसलं.

"मला वाचू दे जरा," काकू चष्मा शोधत म्हणाल्या.

"काकू, वाचायला परके आहोत का आम्ही? ओटीपी आला असेल बघा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "सुधीर, तू काय म्हणून राहिला? देऊ का?"

"द्या काकू. चांगला मुलगा आहे," मी म्हणालो.

दोन वर्षांनी त्यांच्या पायाची जखम चिघळली, एक बोट काढावं लागलं. कंपनीचं पत्र आलं: मधुमेह जाणूनबुजून लपवल्यामुळे क्लेम नामंजूर. जावईबापू तोवर बढती घेऊन भोपाळला गेले होते. फोनवर म्हणाले, "अरेरे! काकूंनी सांगायला हवं होतं." सराफ्यात पाटल्या मोडायला जाताना काकूंनी सोबत मलाच नेलं, भरवशाचा माणूस म्हणून. पाटल्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. परत येताना ऑटोत फक्त एवढंच विचारलं, "लपवलं, असं लिहिलंय रे त्यांनी. मी कधी खोटं बोलले का?"

मी म्हणालो, "नाही काकू." आणि बाहेर बघत राहिलो.

गेल्या महिन्यात त्यांनी तक्रार करायची ठरवली. अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला, पाटीवर गणित मांडावं तसा स्वच्छ, आणि मला तपासायला दिला. एक रकाना होता: फॉर्म भरताना आणखी कोण हजर होतं? पुढे लिहिलं होतं, 'कोणी नाही'.

मी मान वर केली.

"असू दे," काकू म्हणाल्या. "तुझी पोरगी तिथं काम करून राहिली ना. काहून तिला उगाच त्रास?" मग काठी टेकत उठल्या. "चलो, चहा ठेवते. तुझ्यात साखर घालते."

लपवल्याचा ठपका असलेल्या त्या फाइलीत काकूंचं एकच खोटं आहे, आणि ते माझ्यासाठी आहे.

मी तिथे होतो. काकूंनी शुगर आहे असं स्पष्ट सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. ही तीन वाक्यं, खाली माझी सही करून, मी दातेकाकूंना देणं लागतो. अजून दिलेली नाहीत.