नट चिमटीनं लावणारे मिस्त्री

आमची गाडी शेडसमोर थांबली की मिस्त्री आधी नमस्कार करत नसत. ते चाकापाशी उकिडवे बसत, चाकाच्या मधल्या हबवर तळहात टेकवत आणि डोळे मिटत. तुमचे आजोबा उतरून "काय मिस्त्री?" म्हणत, तरी डोळे मिटलेलेच. मग दुसरं चाक, पुन्हा तोच तळहात. मग उठून, हात पुसून, "या साहेब. बसा बाई. गार हायत दोन्ही."

तुम्हा दोघांना आमचं चाकांवरचं घर आठवत असेल. जीपमागे जोडायची ती पांढरी खोली, घडीचं टेबल, खिडकीजवळच्या पलंगावरून झालेली तुमची भांडणं. तुम्ही त्या घरात झोपलात, पण ते घर कशावर फिरतं ते पाहिलं नाहीत. हबच्या आत बेअरिंग असतं, म्हणजे छोट्या पोलादी रोलरांचं कडं. वर्षातून एकदा ते बाहेर काढून, धुऊन, त्यात नवीन ग्रीस भरावं लागतं. शहरातल्या एका गॅरेजवाल्याला आजोबांनी विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्याकडे गाड्या दुरुस्त होतात, घरं नाही." पुण्यात नकार थोडक्यात मिळतो.

मिस्त्रींची शेड हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावर होती. त्यांच्याकडे उसाच्या ट्रॉल्या येत. "ट्रॉली काय नि घर काय," ते पहिल्या दिवशी म्हणाले, "चाकाला वर कोण बसलंय ते दिसतंय व्हय?"

डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घेऊन ते बेअरिंगची कड त्यात दाबत. पुन्हा दाबत, थोडं फिरवत, पुन्हा दाबत. रोलरांमधून ग्रीस पलीकडे डोकावेपर्यंत हे चाले. मी इंग्रजी पुस्तिका मांडीवर घेऊन प्रत्येक पायरी ताडून पाहत असे. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

"काय म्हणतंय पुस्तक?"

"चाक फिरवत नट घट्ट करा. मग सैल करा. मग नुसत्या बोटांनी, टेकेल इतकाच लावा."

"शहाणं हाय पुस्तक," मिस्त्री म्हणत.

ते शेवटचं बोटांचं काम ते कुणालाही करू देत नसत. पाना बाजूला ठेवून नट चिमटीत धरायचा आणि हलकेच फिरवायचा. तो टेकला की बोटांना कळतं, तिथेच थांबायचं. पुढे गेलात तर बेअरिंग आवळतं, तापतं, जळतं. भरधाव जाताना चाक निखळूही शकतं.

एका वर्षी मिस्त्रींकडून चाकं करून घेऊन निघालो, तर सोलापूरकडून परत येताना लोणीच्या पुढे जळका वास आला. आजोबांनी गाडी अगदी सावकाश चालवत कशीबशी शेडपर्यंत आणली. मिस्त्री नेहमीसारखे चाकापाशी बसले.

"हात लावू नका, तापलंय!" आजोबा ओरडले.

मिस्त्रींनी तळहात टेकवला होता. डोळे मिटलेले. "कोमट हाय," ते म्हणाले.

मी त्यांचा दंड धरून हात ओढला. तळव्याची कातडी लाल होऊन फुगली होती. ते तिच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात असावा तसे पाहत राहिले.

"साखर हाय मला," ते म्हणाले. "पायातली चप्पल निसटली तर कळत नाय, ते ठाऊक होतं. बोटांना मुंग्या यायच्या. मी म्हटलं, थंडी हाय." मग चाकाकडे पाहून, "म्हणजे हा नट मीच आवळलाय."

मी गार पाण्याची बादली पुढे केली. आजोबा म्हणाले, "मिस्त्री, आधी दवाखान्यात चला."

"हात कुठं पळून जातोय साहेब? या महिन्यात चार ट्रॉल्यांची चाकं केलीत मी. ऊस भरून रस्त्यावर हायत त्या. बाई, तुमच्या वहीचं एक पान द्या."

हात बादलीत बुडवून ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मालकांची नावं त्यांना अर्धवट आठवत होती, ट्रॉल्या मात्र नीट. हिरवी, मागची फळी तुटलेली. मांजरी गावची, नव्या टायरांची. मी त्यांच्या फोनमधला नंबर शोधून एकेकाला लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. "गाडी हाय तिथं थांबव. चूक माझी हाय," एवढंच ते प्रत्येकाला म्हणाले. तिघं यायला तयार झाले. चौथा, निळ्या ट्रॉलीचा, फोन उचलेना.

मग आजोबांनी त्यांना दवाखान्यात नेऊन पट्टी करून आणली. आमच्याही चाकाला नवीन बेअरिंग हवं होतं, म्हणून आम्ही शेडसमोरच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी तीन ट्रॉल्या आल्या. जॅक आणि पाना आजोबांनी हाती घेतला, पण चिमटीच्या कामाला मिस्त्रींनी त्यांना उठवलं. "साहेबांना जोर लावायची सवय. बाई, तुम्ही या."

सुती साडी खोचून मी चाकाशी बसले. मिस्त्री शेजारी बसून विचारत, "टेकला का?" मी म्हणे, "टेकला वाटतं." "वाटतं नाय चालायचं. पुन्यांदा." तीनपैकी दोन ट्रॉल्यांचे नट आवळलेले निघाले. मिस्त्री मला निळ्या ट्रॉलीच्या मालकाला दर अर्ध्या तासानं फोन लावायला सांगत राहिले.

मिस्त्री आता नाहीत. दोन वर्षं झाली. मला ते आठवतात तिसऱ्या सकाळचे. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या त्याच रस्त्यानं जायच्या, म्हणून ते उजाडल्यापासून कडेला स्टूल टाकून बसले होते. मी दोनदा चहा नेला, दोन्ही वेळा तो तसाच निवला.

दहाच्या सुमारास निळी ट्रॉली दिसली. मिस्त्री उठले आणि दोन्ही हात पसरून थेट ट्रॅक्टरसमोर उभे राहिले.

"ओ मिस्त्री, मरायचंय का?" ट्रॅक्टरवाला ओरडला. "कारखान्यात नंबर लागलाय माझा!"

"जाऊ दे नंबर. खाली उतर."

तो बडबडतच उतरला. चाकं एकेक करून उचलली, झाकणं काढली, पिना काढल्या. मी नट चिमटीत धरला, सैल केला, पुन्हा टेकवला. तो होता तिथेच आला. दुसऱ्या चाकाचंही तसंच.

"बरोबर आहेत," मी म्हटलं. "अगदी हवे तसे."

"बघा! उगीच अडवलंत," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "माझ्या समाधानासाठी सांगू नका बाई."

"नाही सांगत."

"मग हे माझ्या हातून बरोबर झालं," ते म्हणाले, "आणि मला कळलं नाय."

नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार घालायची पिन त्यांच्या हातात होती. ती भोकात घालायला ते वाकले. पिन खाली पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती मातीतून उचलली, सदऱ्याला नीट पुसली आणि ट्रॅक्टरवाल्यापुढे धरली.

"घाल तू," ते म्हणाले. "मी बघतो."