वरवंटा आणि बैठका

जेवण झालं की बायको दोन्ही हात पुढं करायची, मी ते धरून उठायचो. माझे गुडघे कधीच कामातून गेले होते. त्या रात्रीही तसंच झालं. "उठा पैलवान. तालमीत लई जणांना पाडलं म्हणता, अन् तुम्हाला भुईनं पाडलं व्हय?" म्हणाली आणि हसली. पहाटे झोपेतच गेली.

तेरावा झाल्यावर मुदखेडची लेक म्हणाली, "आबा, चला माझ्याकडं. भुईवरून एकट्याला उठता येत न्हाई. पडलात तर कोण उचलील?"

"मी इथंच ऱ्हाईन."

"मग उठून दाखवा. पुढच्या बाजारी येते."

लातूर नवा जिल्हा झाला होता. साहेबांच्या जीपा धुरळा उडवत फिरायच्या, आमच्या गल्लीतल्या आडात मात्र चिखलसुद्धा उरला नव्हता. माझी एक खोली; खाट, ट्रंक, चूल, संपली. दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली होती, खाटेवर बसा, हात न टेकता उठा, हातांसाठी थोडं वजन उचला. मला राग आला. खाटेवरून उठणं ही काय मेहनत झाली? मी लंगोट कसला, मारुतीचं नाव घेतलं आणि तालमीतली बैठक मारली. खाली गेलो तो गेलोच. खाट आणि ट्रंकेच्या मधे अडकलो.

शेजारीण धावत आली. "मामा, कुस्ती ट्रंकेसंगं लावलीय का?" तिनं नवऱ्याला हाक मारली, दोघांनी मला पोत्यासारखं उचललं.

मग नाइलाजानं खाट. वजन म्हणून बायकोचा वरवंटा घेतला. त्याला लसणाचा वास होता. धुवायला पाणी नव्हतं, आणि मला धुवायचाही नव्हता. रोज उठबस करायचो, रोज गुडघ्याला शिव्या द्यायचो. तालमीत घालवलेली सगळी जवानी या खाटेपुढं कवडीमोल.

बाजारच्या दिवशी लेक आली. तिच्यासमोर भुईवर बसलो. पहिल्यांदा उठायला गेलो आणि मागं कलंडलो. ती पुढं आली तसा ओरडलो, "हात लावू नको!" कुशीवर वळलो, गुडघे टेकले, ट्रंक धरली आणि उभा राहिलो.

"ट्रंकेचा आधार घेतलात."

"ट्रंक माझ्याच घरची हाय."

ती तोंडाला पदर लावून बसली. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. चला म्हणून पुन्हा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी घेऊन स्टँडवर गेलो, मुदखेडकडं जाणाऱ्या गाडीत तिला बसवलं. घरी आलो. गुडघा ठणकत होता. खाटेवर बसलो, हात न टेकता उठलो, परत बसलो.